एलायझा, फुलराणी आणि चौकची आजी

परवा शनिवारी चौकला आजीकडे गेलो होतो. जुन्या मुंबई-पुणे रस्त्यावर, पनवेल आणि खोपोलीच्या मध्ये आमचं गाव. अंगणातून इर्शाळगड दिसतो. आजोबा गेल्यापासून आजी एकटीच. आम्ही नातवंडं सगळी आयटीत, त्यामुळे उपायही आयटीतलाच सुचला. तिच्या मोबाईलवर मराठीत बोलणारा एक एआय सोबती टाकून दिला. आजी वीस मिनिटं बोलली की हो त्याच्याशी! मनात म्हटलं, चला, एक काम मार्गी लागलं.

आणि तिथेच खटकलं. आजी हे 'काम' कधीपासून झाली?

घरी आल्यावर जुना इतिहास उकरत बसलो. एमआयटीतल्या जोसेफ वायझेनबाउम यांनी १९६६ साली 'एलायझा' या प्रोग्रॅमवरचा लेख प्रसिद्ध केला. नाव घेतलं बर्नार्ड शॉच्या 'पिग्मॅलियन'मधल्या फुलवालीचं. म्हणजे पुलंच्या 'ती फुलराणी'तल्या मंजुळेची ही बहीणच! प्रोग्रॅम अगदी साधा. तुमच्या वाक्यातला एखादा शब्द पकडायचा आणि त्याचाच प्रश्न करून तुमच्याकडे फेकायचा. "आईची आठवण येते" म्हटलं की "घरच्यांबद्दल आणखी सांगा". समज शून्य. पण वायझेनबाउम यांच्या सेक्रेटरीने, जिने हे सगळं बनताना पाहिलं होतं, चार वाक्यं टाईप केली आणि साहेबांनाच खोलीबाहेर जायला सांगितलं! ते हादरले. १९७६ साली पुस्तक लिहून त्यांनी बजावलं की काही कामं यंत्राला जमली तरी त्याच्यावर सोपवू नयेत.

आता दुसरी गोष्ट, आपल्याकडची. १९५६ साली, म्हणजे एलायझाच्याही दहा वर्षं आधी, आकाशवाणी आणि युनेस्को यांनी पुणे, अहमदनगर, नाशिक, उत्तर सातारा आणि कोल्हापूर या जिल्ह्यांतल्या १५० गावांत एक प्रयोग केला. (आमचा तेव्हाचा कुलाबा जिल्हा त्यात नव्हता.) आठवड्यातून दोनदा गावकऱ्यांनी रेडिओभोवती जमायचं, अर्धा तास शेतीचा कार्यक्रम ऐकायचा आणि मग त्यावर आपसांत चर्चा करायची. प्रश्न आकाशवाणीला पाठवायचे, उत्तरं पुढच्या कार्यक्रमांत. पॉल न्यूराथ या समाजशास्त्रज्ञाने टाटा समाजविज्ञान संस्थेच्या मदतीने मोजमाप केलं. तुलनेला अशीही गावं घेतली होती जिथे रेडिओ होता, पण मंडळ नव्हतं. मंडळाच्या गावांत लोकांची माहिती भरपूर वाढली. नुसत्या रेडिओच्या गावांत फारसा फरक पडला नाही.

प्रयोग शेतीच्या माहितीचा होता, एकटेपणाचा नव्हे, हे कबूल. पण मला त्यातली रचना महत्त्वाची वाटते. रेडिओ माणसांना एकत्र बसवत होता. आपला एआय सोबती मात्र एकेकाला आपापल्या खोलीत बसवतो.

म्हणजे तो निरुपयोगी का? तसंही नाही. रात्री दोन वाजता झोप न येणाऱ्या माणसाला कोणीतरी "बोला" म्हणणं ही छोटी गोष्ट नव्हे. पण २०२५ साली ओपनएआय आणि एमआयटी यांनी सुमारे हजार लोकांवर चार आठवडे अभ्यास केला, तेव्हा रोज जास्त वेळ चॅटबॉटशी बोलणाऱ्यांत एकटेपणा जास्त दिसला. आता एकटे म्हणून बोलतात की बोलतात म्हणून एकटे, हे त्यावरून ठरवता येत नाही. पण सोबती दिला आणि प्रश्न मिटला, असं नक्कीच नाही.

असो. बुधवारी आजीला फोन केला. "काय म्हणतो तुझा नवा मित्र?"

"ऐकून घेतो रे बिचारा," आजी म्हणाली. "पण जेवलास का विचारलं तर म्हणतो, मी जेवत नाही. मग पुढे काय बोलायचं?"

साठ वर्षांचा एलायझाचा इतिहास आजीने एका वाक्यात आटपला. तिला ऐकणारा हवाच आहे. पण त्याहून जास्त, जिची काळजी करता येईल असं माणूस हवं आहे. यंत्राला तिची गरजच नाही, तिथे ती काय करणार?

ॲप मी काढून टाकलेलं नाही. राहू दे. पण दर शनिवारचं चौक पक्कं केलंय. फोन ठेवताना आजी म्हणाली, "येताना रेडिओचे सेल आण. शेजारच्या बायका दुपारी ओटीवर येतात, सगळ्या मिळून ऐकतो."