चौदा टक्क्यांचं बोट



चार-पाच वर्षांपूर्वीची गोष्ट. आमच्या कुंभिवलीतल्या ओळखीच्या एका वहिनींचं अंगठ्याशेजारचं बोट कारखान्यात प्रेस मशीनखाली आलं. बोट मुळापासून काढावं लागलं. वहिनींचं वय तेव्हा ३५, काम ठेकेदारामार्फत. तिसऱ्या दिवशी ठेकेदार दवाखान्यात आला. पाकिटात २०,००० रुपये आणि सोबत एक कागद. "वहिनी, इथे सही करा, विषय मिटला." वहिनींचा उजवा हात पट्टीत. सही जमणार नाही हे ओळखून त्याने अंगठ्यासाठी शाईचं पॅडही आणलं होतं. पायथ्याशी बसलेल्या सासूबाई म्हणाल्या, "माझा मुलगा कामावरून येऊ दे, मग बघू." त्या एका वाक्याने वहिनी वाचल्या. का, ते शेवटी सांगते.

मला तेव्हा प्रश्न पडला की बोटाची किंमत ठरवतं कोण? ठेकेदार? डॉक्टर? सरकार? शोधायला गेले तर उत्तराची सुरुवात आपल्या दारातच सापडली.

आपल्याकडून खंडाळ्याचा घाट दिसतो. पळसदरीवरून घाट चढणाऱ्या रेल्वेचं काम १८५६ मध्ये सुरू झालं आणि १८६३ मध्ये संपलं. एका वेळी ४०,००० वर मजूर तिथे राबत होते. पुरुष सुरुंग लावत, बायका टोपल्या वाहत. पटकीने, दरडीने, सुरुंगाने हजारो माणसं गेली. कामाचा ठेका घेतलेले इंग्रज कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल हेही इथे आल्यावर थोड्याच दिवसांत, १८५९ मध्ये वारले. त्यांच्या विधवा पत्नी ॲलिस यांनी ठेका पुढे चालवून पुरा केला. एका विधवेच्या हाती ठेका होता. पण घाटात नवरा गमावलेल्या मजूरबायकांच्या हाती काय आलं? १८५५ चा एक कायदा होता. दुसऱ्याच्या चुकीने माणूस दगावला तर घरच्यांनी कोर्टात जावं, चूक सिद्ध करावी, मग भरपाई मिळेल. टोपली वाहणारी बाई कुठलं कोर्ट गाठणार? आणि माणूस मेला नाही, नुसता हात तुटला, तर तो कायदा त्याच्या कामाचाच नव्हता.

मग आलं १८८४ साल. मुंबईत 'दीनबंधू' चालवणारे नारायण मेघाजी लोखंडे यांनी परळला गिरणी कामगारांच्या सभा भरवल्या. हजारो कामगारांच्या सह्यांचा अर्ज तयार झाला. रविवारची सुट्टी, दुपारची अर्ध्या तासाची विश्रांती या मागण्या आपण शाळेत ऐकल्या. त्याच अर्जात आणखी एक मागणी होती, तिच्याबद्दल फारसं कोणी बोलत नाही. कामावर जखमी झालेल्याला बरा होईपर्यंत पूर्ण पगार द्या आणि जन्माचा अधू झाला तर त्याच्या पोटाची सोय करा. त्याच १८८४ मध्ये जर्मनीत कामगारांच्या अपघात विम्याचा कायदा झाला. तिकडे कायदा, इकडे नुसता अर्ज. इंग्लंडनेही १८९७ मध्ये आपल्या कामगारांसाठी कायदा केला. दरम्यान १९१५ मध्ये खोपोलीत टाटांचं वीजघर सुरू झालं, मुंबईच्या गिरण्या आपल्या घाटातल्या पाण्यावर फिरू लागल्या. पण अपघाताची भरपाई मात्र मालकाच्या मर्जीवरच राहिली.

हे बदलायला हातभार लावणारा एक माणूस आपल्याच जिल्ह्यातला. माणगाव तालुक्यातल्या गोरेगावचे नारायण मल्हार जोशी, जन्म १८७९. १९१९ मध्ये आंतरराष्ट्रीय कामगार परिषदेला भारतीय कामगारांचे प्रतिनिधी म्हणून ते गेले. पुढे मध्यवर्ती कायदेमंडळात कामगारांच्या बाजूने बोलत राहिले. १९२३ मध्ये भरपाईचा कायदा झाला आणि १ जुलै १९२४ पासून लागू झाला. आता चूक कोणाची हे सिद्ध करायचं ओझं उतरलं. कामावर, कामामुळे अपघात झाला एवढं पुरे.

या कायद्याला एक कोष्टक जोडलेलं होतं. माणसाच्या शरीराचा दरपत्रकच म्हणा ना. उजवा हात कोपरावर तुटला तर ७० टक्के, डावा तुटला तर ६०. एक डोळा ३०, अंगठा २५. अंगठ्याशेजारचं बोट १०, बाकीची बोटं पाच-पाच. हे टक्के वेदनेचे नाहीत, कमावण्याची ताकद किती गेली याचे आहेत. पूर्ण अपंगत्वाला ४२ महिन्यांचा पगार, पण ३,५०० रुपयांच्या वर नाही. म्हणजे महिना ३० रुपये मिळवणाऱ्याला पूर्ण अपंगत्वाचे १,२६० रुपये आणि अंगठ्याशेजारच्या बोटाचे त्यातले १० टक्के, १२६ रुपये.

१९६२ च्या दुरुस्तीने कोष्टक बदललं. उजव्या-डाव्याचा भेद गेला. अंगठा ३० टक्के झाला, त्याच्या शेजारचं बोट १४, मधलं १२, अनामिका किंवा करंगळी सात. बोटाचं एकच पेर गेलं तर टक्के कमी. १९८४ मध्ये हिशेबात वयही आलं, कारण पंचविशीतल्या मुलीची कमाईची वर्षं पन्नाशीतल्या बाईपेक्षा जास्त उरलेली असतात. प्रत्येक वयाला एक आकडा ठरला. २५ ला २१६.९१, ३५ ला १९७.०६, ५० ला १५३.०९. १९९५ पासून पूर्ण अपंगत्वाला पगाराच्या ६० टक्के गुणिले हा आकडा आणि मृत्यू झाला तर ५० टक्के गुणिले हाच आकडा, असं सूत्र आहे. आता जुना कायदा सामाजिक सुरक्षा संहितेत सामावला गेला, तरी सूत्र हेच.

आता वही-पेन्सिल घ्या, वहिनींचा हिशेब करू. पगार १२,०००. त्याचे ६० टक्के ७,२००. गुणिले १९७.०६, झाले १४,१८,८३२. हे पूर्ण अपंगत्वाचे. बोटाचे १४ टक्के, म्हणजे १,९८,६३६ रुपये. आणि ठेकेदाराच्या पाकिटात किती होते? २०,०००.

त्या कागदावर अंगठा उठला असता तरी कायद्याने हक्क बुडत नाही. हक्क सोडून देण्याचा करार तेव्हाच्या जुन्या कायद्याच्या कलम १७ प्रमाणे रद्दच होता. शिवाय त्याच कायद्याचं कलम ८ सांगत होतं की बाईला द्यायची एकरकमी भरपाई परस्पर द्यायची नाही, कमिशनरकडे जमा करायची. पण अंगठा उठला आणि पाकीट घेतलं की घरातले गप्प बसतात, गाव गप्प बसतं, दिवस निघून जातात आणि दाव्याला मुदत असते. म्हणून म्हटलं, सासूबाईंनी वाचवलं. ठेकेदार म्हणाला, "कारखान्याचा काही संबंध नाही." तेही खरं नव्हतं. ठेक्याच्या कामगाराची जबाबदारी मूळ मालकावरही असते.

प्रकरण कमिशनरपुढे गेलं. आणि तिथे एक गोष्ट उघडी पडली. वहिनींना मिळायचे १२,०००, पण सही असायची ८,००० वर. वरचे ४,००० हातात, कागदावर नाहीत. "फंड कापला जात नाही, बरंच आहे की," असं आपणच म्हणतो. पुरावा नसल्याने हिशेब ८,००० वर झाला. ४,८०० गुणिले १९७.०६, त्याचे १४ टक्के, १,३२,४२४ रुपये. कागदावर नसलेल्या पगाराने ६६,२१२ रुपये खाल्ले.

कोष्टक म्हणजे शेवटचा शब्द नव्हे. सिनेमागृहात नक्षीकाम करताना पडून एका सुताराचा डावा हात कोपराच्या वर कापावा लागला. मालक म्हणाला, अपंगत्व अर्धवट आहे. १९७५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मानलं की एका हाताने सुतारकाम होत नाही, म्हणून हे पूर्ण अपंगत्व. तेव्हा आपलं नेमकं काम काय, ते कोणत्या हाताने, कसं करतो, हे दाव्यात नीट सांगायला हवं.

ज्यांचा ई.एस.आय. कापला जातो त्यांचा मार्ग वेगळा. डॉ. आंबेडकर मजूरमंत्री असताना, १९४४ मध्ये प्रा. बी. पी. अदारकर यांनी कामगार विम्याचा अहवाल दिला, त्यातून १९४८ चा कायदा आला. तिथे एकरकमी भरपाईऐवजी साधारणपणे जन्मभर दरमहा रक्कम मिळते. ढोबळ हिशेब असा, की रोज ४०० चा पगार, त्याचे ९० टक्के ३६०, त्याचे १४ टक्के रोजचे ५० रुपये ४० पैसे. महिन्याला दीड हजार. पण इथेही पाया तोच, कागदावरचा पगार.

लोखंड्यांनी मागितलं, जोश्यांनी लढून आणलं, कोष्टक टक्के सांगतं, वय आकडा सांगतं. या सगळ्यात आपल्या हातात एकच गोष्ट आहे. आज संध्याकाळी घरी गेलात की आपली पगाराची चिठ्ठी काढा. तिच्यावरचा आकडा आणि हातात पडलेले पैसे जुळतात का बघा. जुळत नसतील तर शेजारणीलाही विचारा. एकटीने मागण्यापेक्षा दहाजणींनी मागितलेलं बरं.

वहिनी आता डाव्या हाताने भाकरी थापायला शिकल्यात. चिठ्ठी मात्र त्या दर महिन्याला पत्र्याच्या डब्यात जपून ठेवतात, स्वतःची आणि सुनेचीही.