श्रेयोल्लेखाची कुळकथा

धुळ्याच्या श्रीसमर्थ वाग्देवता मंदिरात शंकर श्रीकृष्ण देव यांनी आयुष्य वेचून जमविलेली रामदासी बाडे आहेत. अशा जुन्या पोथ्यांच्या अखेरीस पुष्कळदा नकलकाराची पुष्पिका आढळते. तीत तो आपले नाव, गाव, शक व तिथी नमूद करतो आणि नजरचुकीचा दोष आपल्या माथी मारू नये, अशी वाचकास विनंतीही करून ठेवतो. श्रेय मागण्याची आपली जुनी चाल ती हीच, आणि ती ग्रंथ संपल्यावरची. पुढे मुद्रणकाळी, 1926 च्या अखेरीस धुळ्यातच निवर्तलेल्या इतिहाससंशोधक वि. का. राजवाड्यांनी मराठ्यांच्या इतिहासाच्या आपल्या साधनखंडांच्या प्रस्तावनांतून कागद कोणाच्या घरी व कोणत्या दशेत सापडले हे सांगितले, तेव्हा लिहिणाऱ्याबरोबर दप्तर जपणाराही श्रेयाचा धनी झाला.

या कुळातला अलीकडचा वंशज संगणकाच्या पडद्यावर उपजला. अनेक कामे एकाच वेळी चालवून घेणारी ‘ग्नू पॅरलल’ ही मुक्त प्रणाली ओले टांगे या डॅनिश गृहस्थांनी रचली व तिच्यावर 2011 साली एक लेख प्रसिद्ध केला. प्रणाली चालविली की त्या लेखाचा संदर्भ शोधनिबंधात द्यावा अशी सूचना उमटते, आणि ‘विल साइट’ अशी कबुली टंकून दिली म्हणजे ती थांबते. संदर्भ द्यायचा नसेल त्याने 10,000 यूरो भरून मोकळे व्हावे, अशीही तोड तीत आहे! मागणीचे कारण रास्त आहे. फुकट वाटलेल्या प्रणालीच्या देखभालीस द्रव्य लागते, आणि द्रव्य देणारे संदर्भांची गणती पाहतात. परंतु अखेरची पुष्पिका उठून उंबरठ्यावर बसली, की विनंतीचा तगादा होतो. शिवाय ज्या परवान्याखाली ही प्रणाली वाटली जाते तो संदर्भाची सक्ती करीत नाही, म्हणजे तगाद्यास सनद नाही. संख्याशास्त्राची ‘आर’ प्रणाली अधिक शहाणी. ‘सायटेशन’ ही आज्ञा दिली तरच ती आपला संदर्भ पुरविते.

जळगावच्या कवयित्री बहिणाबाई चौधरींनी तर श्रेय कधी मागितलेच नाही. ओव्या टिपून ठेवल्या गेल्या आणि पुत्र सोपानदेवांच्या खटपटीने 1952 साली पुस्तकरूप पावल्या, म्हणून नाव राहिले. आज त्या नावाच्या विद्यापीठात प्रबंध लिहिणाऱ्यांस एवढीच विनंती, की ज्या प्रणालीवर आपले गणित चालले तिचे नाव, आवृत्ती व कर्ता, पडद्याने विचारले नाही तरी, संदर्भसूचीत नमूद करावेत.