उंदराची नेमबाजी

हेडशॉट हुकला की पहिली शिवी माउसला पडते. मग नवा माउस, मोठं पॅड, रात्रभर सेन्सिटिव्हिटी बदलत बसणं... मंडळी, दोष माउसचा की हाताचा, हा प्रश्न तसा केव्हाच सुटलाय.

साल १९५४. पॉल फिट्स हे अमेरिकेतल्या ओहायो स्टेट युनिव्हर्सिटीतले मानसशास्त्रज्ञ. त्यांनी विद्यार्थ्यांसमोर धातूच्या दोन पट्ट्या ठेवल्या, हातात धातूची लेखणी दिली आणि सांगितलं, आलटून पालटून दोन्हीवर टेकवा, जमेल तितक्या वेगाने, पण पट्टी चुकवू नका. पट्टीची रुंदी पाव इंच ते २ इंच, अंतर २ ते १६ इंच. निष्कर्ष असा की लागणारा वेळ अंतर आणि रुंदीच्या गुणोत्तराच्या लॉगरिदमवर ठरतो. अंतर दुप्पट करा किंवा टार्गेट निम्मं करा, वेळ दुप्पट होत नाही. एका ठराविक हप्त्याने वाढतो. दोन्ही दुप्पट केलंत तर वेळ तोच! (फिट्सनी १ औंसाची आणि १ पौंडाची अशा दोन लेखण्या वापरल्या होत्या. वजन १६ पट, फरक मात्र किरकोळ. हलक्या माउससाठी हजारो रुपये मोजणाऱ्यांनी नोंद घ्यावी.)

तेव्हा माउस जन्मालाही आला नव्हता. डग्लस एंगलबार्ट यांच्या कल्पनेवरून बिल इंग्लिश यांनी तो १९६४ मध्ये बनवला. पुढे झेरॉक्स पार्कमध्ये याच इंग्लिश यांनी कार्ड आणि बर यांच्यासोबत माउस, जॉयस्टिक आणि कीजची तुलना केली. ती १९७८ मध्ये छापून आली. माउस सरस ठरला, आणि त्याचे आकडे फिट्सच्या नुसत्या हाताच्या आकड्यांच्या अगदी जवळ आले. म्हणजे आपल्या भाषेत, बॉटलनेक हात आहे, डिव्हाइस नाही.

गेमर लोकांना हे कळायला वेळ लागला. १९९३ च्या 'डूम'मध्ये वर-खाली नेम गेमच धरायचा, त्यामुळे नुसत्या कीबोर्डवर भागायचं. १९९६ च्या 'क्वेक'मध्ये वर-खाली बघणं आलं, पण माउसने बघायची सोय स्वतः चालू करावी लागायची. १९९७ मध्ये डेनिस फाँग उर्फ थ्रेशने डावा हात कीबोर्डवर, उजवा माउसवर ठेवून रेड अॅनायहिलेशन स्पर्धेची फायनल १४ विरुद्ध उणे १ अशी जिंकली. (उणे, कारण स्वतःच्याच चुकीने मेलात तर फ्रॅग कापला जायचा.) बक्षीस काय, तर जॉन कारमॅकची स्वतःची फेरारी! त्यानंतर कीबोर्डवाल्यांचं ऐकतो कोण? आणि तो जमाना अजून रबरी गोळीच्या माउसचा होता बरं का, ज्याच्या रोलरवरचा मळ नखाने खरवडावा लागायचा.

असो. आता सरावासाठी कोव्हाक्स आणि एम लॅबसारखी वेगळी सॉफ्टवेअर आहेत. दोन्ही २०१८ मध्ये स्टीमवर आली. हात सुधारतो, यात वाद नाही. पण फिट्सची पट्टी जागची हलत नव्हती; पळणाऱ्या माणसावर क्रॉसहेअर धरून ठेवणं हे वेगळं कौशल्य, त्याचा सरावही वेगळा करावा लागतो.

आणि सूत्रातलं अंतर विसरू नका. काउंटर-स्ट्राइकमधले मुरलेले खेळाडू कोपऱ्यावर वळायच्या आधीच क्रॉसहेअर डोक्याच्या उंचीवर धरून चालतात. शत्रू दिसतो तेव्हा माउस जेमतेम अर्धा सेंटीमीटर हलवायचा उरतो. बघणाऱ्याला वाटतं, काय हात आहे राव!