सोळा जागांपासून सुरू झालेला वाद

कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथल्या वैद्यकीय महाविद्यालयात १९६८ साली पहिली तुकडी बसली. पन्नास विद्यार्थी, त्यांत एकही कृष्णवर्णीय नाही. प्राध्यापकांनाच ते खटकले. त्यांनी वंचित अल्पसंख्याकांसाठी वेगळी प्रवेशपद्धत आखली आणि पुढे १०० पैकी १६ जागा बाजूला काढल्या. दोनदा नाकारला गेलेला ॲलन बाकी हा गोरा इंजिनिअर कोर्टात गेला. १९७८ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने त्याला प्रवेश मिळवून दिला. जागा राखून ठेवता येणार नाहीत, वंश हा अनेक निकषांपैकी एक मात्र धरता येईल, असा तोडगा निघाला. न्यायमूर्ती थर्गूड मार्शल यांना तो अपुरा वाटला. गुलामगिरीपासूनचा इतिहास मांडून त्यांनी आपले वेगळे मत नोंदवले.

१९९५ मध्ये वंशाच्या निकषाला विरोधाचा सूर विद्यापीठाच्या नियामक मंडळातूनच उठला. मंडळाचे सदस्य वॉर्ड कॉनर्ली स्वतः कृष्णवर्णीय. माणसाला वंशावरून जोखूच नये, हे त्यांचे म्हणणे. सगळे कुलगुरू विरोधात असतानाही प्रवेशात वंश न धरण्याचा ठराव झाला आणि १९९६ च्या सार्वमताने ही बंदी कॅलिफोर्नियाच्या राज्यघटनेत गेली. २००६ मध्ये लॉस एंजेलिसच्या आवारात सुमारे ४,८०० नव्या विद्यार्थ्यांत कृष्णवर्णीय होते अवघे ९६. कॉनर्लींचे तत्त्व मला समजते, पण हा आकडा पाहून कोणालाही स्वस्थ बसवू नये.

विद्यापीठ स्वस्थ बसलेही नाही. २००१ पासून प्रत्येक शाळेतल्या वरच्या ४ टक्के मुलांना पात्र धरले, पुढे ९ टक्क्यांना. शाळा गरीब वस्तीतली असली तरी तिथला पहिला नंबर पहिलाच, हा विचार मला फार मोलाचा वाटतो.

२०२० मध्ये प्रवेशासाठीच्या सॅट परीक्षेचा प्रश्न आला. ही परीक्षा श्रीमंतांच्या मुलांच्या सोयीची, हा आक्षेप जुना. प्राध्यापकांच्या समितीने मात्र आकडे तपासून उलट सांगितले: पहिल्या वर्षाच्या यशाचा अंदाज शाळेच्या गुणांपेक्षा सॅटवरून अधिक चांगला येतो. शिवाय प्रवेश ठरवताना मुलाचे गुण त्याच्या शाळेच्या परिस्थितीत ठेवूनच वाचले जात होते, त्यामुळे गरीब मुलांचे नुकसान बरेचसे भरून निघत होते. आपल्याच बाजूच्या लोकांना न रुचणारी गोष्ट पुराव्यानिशी मांडायला धैर्य लागते. तरीही नियामक मंडळाने एकमताने सॅट काढून टाकली. समितीची इतकी मेहनत अशी बाजूला सारायला नको होती.

त्याच वर्षी वंशाचा निकष परत आणण्याचा प्रस्ताव मतदारांनी फेटाळला. ५० कोटी डॉलरहून अधिक खर्चूनही विविधता पुरेशी साधत नाही, असे विद्यापीठाने २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला लेखी कळवले. २०२३ मध्ये न्यायालयाने निकाल दिला तो प्रवेशात वंशाचा निकष धरणाऱ्या हार्वर्ड विद्यापीठाच्या विरोधात. कॅलिफोर्नियातली बंदी आता जवळपास देशभर लागू आहे.