जक्कयाचं आख्यान

आमच्या घराण्यात ख्रिस्ती धर्म आला तो दुष्काळानंतर. पणजोबा नगर जिल्ह्यातल्या एका खेड्यातले. १८९९-१९०० च्या दुष्काळाने गाव उठलं, मिशनच्या शाळेने त्यांना आसरा दिला आणि पुढे ते त्याच शाळेत मास्तर झाले. ‘धान्यासाठी धर्म सोडला’ असं लोक त्यांना ऐकवत. पणजोबा उलट बोलत नसत. आजोबांना ते एवढंच सांगत, “लोकांना आपली प्रार्थना ऐकू येत नाही, आपला व्यवहार दिसतो.”

रात्री पणजोबा कीर्तनाला पेटीची साथ करीत. ख्रिस्ती कीर्तनाची वाट नगरच्या कृष्णराव रत्नाजी सांगळे यांनी एकोणिसाव्या शतकातच पाडली होती. टाळ-मृदंग तेच, पूर्वरंग-उत्तररंग तेच, आख्यान मात्र शुभवर्तमानातलं. पुढे नारायण वामन टिळक नगरला आले. १८९५ साली मुंबईत बाप्तिस्मा घेतलेला हा कोकणातला कवी तुकोबांना सोडून आला नव्हता, त्यांच्याच वाटेने ख्रिस्ताकडे आला होता. परक्या चालींत अवघडलेल्या आमच्या मंडळीला त्यांनी अभंग दिला, ओवी दिली. त्यांची भजनं ‘उपासना संगीत’ या गीतसंग्रहातून आम्ही आजही गातो.

आजोबांना मात्र टिळकांच्या कवितेइतकंच त्यांच्या आयुष्याचं शेवटचं पर्व मोठं वाटे. १९१७ साली टिळकांनी मिशनची नोकरी सोडली, साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ हा ख्रिस्तभक्तांचा बंधुसंघ मांडला आणि दोनच वर्षांत, १९१९ मध्ये, ते गेले. “सर्वस्व वाहिलं असं गायचं आणि पगाराची तारीख मोजायची, हे त्यांना जमेना,” असं आजोबांचं मत. मग मला म्हणत, “आपल्याला तेवढं झेपायचं नाही लेका. पण मापात पाप नको, इतकं तर जमेल?”

आजोबा पेट्या दुरुस्त करीत. चर्चच्या पेटीइतकीच विठ्ठलमंदिराच्या भजनी मंडळाची पेटीही विश्वासाने त्यांच्याकडे येई. ते पट्ट्या उचलून ठेवत, पितळी सूर बाहेर काढत, त्याच्या जिभेखाली पातळ पत्रा सरकवत आणि कानशीने अगदी हलक्या हाताने खरवडत. टोकाशी खरवडलं की सूर चढतो, बुडाशी खरवडलं की उतरतो. खरवडायचं, बसवायचं, भाता मारून ऐकायचं आणि पुन्हा काढायचं. एका सुरासाठी कधी कधी अर्धा तास जाई. नुसती धूळ झटकून आवाज सुधारला, तर तेवढेच पैसे घेत. नवा सूर घातला, तर जुना कागदात बांधून गिऱ्हाइकाच्या हातात देत.

कीर्तनात त्यांचं लाडकं आख्यान जक्कयाचं. जकातदार जक्कय येशूला पाहायला उंबरावर चढतो. उंबर म्हटल्यावर खेड्यातल्या श्रोत्यांना ते झाड आपल्याच गावाबाहेरचं वाटे. येशू त्याच्या घरी उतरतो आणि जक्कय उभा राहून कबूल करतो, की अर्धी मालमत्ता गरिबांना देईन आणि ज्याला लुबाडलं त्याला चौपट परत करीन. इथे आजोबा पेटी थांबवत आणि श्रोत्यांना विचारत, “येशूने त्याला एवढं कर म्हणून सांगितलं होतं का?” सांगितलं नव्हतं. देव घरात आला म्हणताच त्या माणसाने आपली वही उघडली.

पेटी आता माझ्याकडे आहे. चर्चमध्ये वाजवतो, बाहेरच्या कार्यक्रमांनाही जातो. एकदा एका आयोजकाने बिदागी दिली आणि तिच्या दुपटीच्या पावतीवर सही मागितली. “सगळेच करतात,” तो म्हणाला. मी मिळाले तेवढ्याच रकमेची पावती लिहून दिली. त्याचं बोलावणं पुन्हा आलं नाही. त्या रविवारी उपासनेत मात्र माझा हात पट्ट्यांवर निर्धास्त फिरला.

श्रद्धा मोजायला माझ्याकडे दुसरं माप नाही. डोळे मिटून किती वेळ गातो, यावरून ती कळत नाही. पावती, पगार, उधारी, मजुराची मजुरी इथे ती कळते. म्हणून भजनाला बसणाऱ्या प्रत्येकाला, मग तो चर्चमधला असो की देवळातला, माझी एक विनंती आहे. कुणाचं देणं अडवून ठेवलं असेल, तर आधी ते पोचतं करा. मग पेटी उघडा.