पोटखराब

मिसिसागातून उन्हाळ्यात तंबू घेऊन आपण रानात राहायला निघतो, तेव्हा परतायची तारीख ठरलेली असते. माणदेशातल्या धनगरांचा मुक्काम मात्र ऋतूवर ठरत आला. साताऱ्यातला माण, सांगलीतला आटपाडी आणि सोलापुरातला सांगोला हे तालुके सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत येतात. वर्षाला जेमतेम ५०० मिलिमीटर पाऊस. उघड्या माळावर बोर, बाभूळ, तरवड, निवडुंग एवढाच झाडोरा. तुम्हांला तो उजाड वाटेल, पण बोरीचा पाला आणि बाभळीच्या शेंगा मेंढरं खातात आणि तरवडाची साल चामडं कमवायला लागायची.

दिवाळीनंतर चारा संपत आला की काही कुटुंबं मिळून ‘वाडा’ पश्चिमेकडे निघतो. घोड्यांवर बिऱ्हाड, सोबत कळप. वाटेवरचे शेतकरी रात्री आपल्या रानात मेंढरं बसवून घेतात. लेंड्यांचं खत शेताला, धान्य किंवा पैसे धनगराला. कोकणातल्या पावसाचा ओलावा मेंढरांना सोसत नाही, म्हणून पावसाळ्याच्या तोंडावर वाडा माळावर परततो. तोवर माळालाही विसावा मिळालेला असतो.

हा हिशेब सरकारी दप्तरात कुठे बसला? १८३६ साली गोल्डस्मिड आणि विंगेट यांची नवी जमीनमोजणी इंदापूर तालुक्यात लागू झाली आणि पुढे मुंबई इलाख्यात पसरली. शेतांना नंबर पडले, मातीच्या प्रतीवर सारा ठरला. नंबरातला जो तुकडा पिकाखाली येत नाही तो ‘पोटखराब’. स्वतंत्र भारताच्या पडीक जमिनींच्या नकाशांतही झुडपी माळ पडीकच गणला गेला. पडीक म्हटलं की जमीन दुसऱ्या कामाला देणं सोपं होतं, आणि अर्धं वर्ष बाहेर असलेल्या धनगराकडे चराईचा कागद सहसा नसतो.

आपण राहतो त्या शहराचं नावही अशाच फिरत्या लोकांचं आहे. मिसिसागा लोक हंगामात क्रेडिट नदीच्या मुखाशी मासेमारीला येत, हिवाळ्यात शिकारीसाठी आत पांगत. १८०५ च्या करारात किनाऱ्यालगतची बरीच जमीन इंग्रजांकडे गेली. १८४७ मध्ये त्यांची वस्ती हॅगर्सव्हिलजवळ हलली.

गावाकडचा सात-बारा आता तुम्ही इथूनही पाहू शकता. त्यात पोटखराबाची नोंद दिसली, तर त्या तुकड्यावर पूर्वी कुणाचा वाडा उतरायचा, हे घरातल्या वडीलधाऱ्यांना फोन करून विचारा. कागदावर ते सापडणार नाही.