रेषा आणि अंक : दोन शाळांचा इतिहास

मुलगा किंवा मुलगी बारावीच्या उंबरठ्याशी आली, की मध्यमवर्गीय घरात एक विशिष्ट प्रकारची शांतता पसरते. त्यातून त्या मुलाला गणित चांगले येत असेल आणि वहीच्या समासात चित्रे काढण्याची खोडही असेल, तर ती शांतता फार काळ टिकत नाही. वडील म्हणतात संगणक, मामा म्हणतात संगणक. आणि मुलगा म्हणतो, पडद्यावर जे दिसते ते कसे दिसावे हे मला ठरवायचे आहे, त्याचे कॉलेज कोणते ते सांगा. या त्याच्या विषयाला हल्ली ‘डिजिटल डिझाइन’ असे भारदस्त नाव मिळाले आहे. प्रश्न मात्र नवा नाही. आपल्या शिक्षणव्यवस्थेच्या पायातच तो चिणलेला आहे.

१८५७ हे साल आपल्याला आठवते ते बंडाचे म्हणून. मुंबईत त्याच साली दोन संस्था जन्माला आल्या. एक मुंबई विद्यापीठ, आणि दुसरी सर जमशेटजी जीजीभाई यांच्या एक लाख रुपयांच्या देणगीतून उभी राहिलेली कलाशाळा, म्हणजे आपले जे. जे. स्कूल. दोघी एकाच वर्षी जन्मल्या खऱ्या, पण एका घरात नांदल्या नाहीत. विद्यापीठ पदव्या देऊ लागले. जे. जे. मधून बाहेर पडणाऱ्याच्या हाती मात्र पुढे कितीतरी दशके ‘जी. डी. आर्ट’ ही सरकारी पदविकाच पडत राहिली. पदवी आणि पदविका या दोन शब्दांत अंतर एका अक्षराचे. परंतु लग्नाच्या बाजारात आणि नोकरीच्या अर्जात ते फार मोठे ठरले. ज्याला बुद्धी आहे त्याने विद्यापीठात जावे, ज्याला हात आहे त्याने कलाशाळेत, अशी जी अलिखित वाटणी आपल्या समाजाने करून घेतली, तिचे मूळ इथे आहे. १९३५ साली जे. जे. मध्ये व्यावसायिक कलेचा विभाग निघाला, १९६१ साली त्याची स्वतंत्र उपयोजित कला संस्था झाली. जाहिराती, पुस्तकांची वेष्टने, अक्षरे यांचे शिक्षण तिथे मिळू लागले. वाटणी मात्र होती तशीच राहिली.

अंकांची शाळा उशिरा आली आणि थाटात आली. कलकत्त्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेत १९५० नंतरच्या दशकाच्या मध्याला इंग्लंडहून एक इलेक्ट्रॉनिक गणकयंत्र आले. देशातले ते पहिले. मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील तरुण मंडळींनी तर यंत्र विकत आणण्याऐवजी ते स्वतःच बांधायला घेतले. आर. नरसिंहन यांच्या नेतृत्वाखाली १९६० साली ते पूर्णत्वाने चालू झाले, आणि १९६२ मध्ये पंडित नेहरूंनी त्याचे ‘टिफ्रॅक’ असे नामकरण केले. त्याची स्मृती २०४८ शब्दांची. आजच्या मनगटी घड्याळालाही ती पुरणार नाही. पण या टिफ्रॅकला एक जोड होती, तिच्याकडे फारसे कुणाचे लक्ष जात नाही. उत्तरे दाखवण्यासाठी त्याला कॅथोड किरणांची एक नळी बसवली होती, आणि तिच्यावर आलेख व अक्षरे उमटत. म्हणजे या देशात बांधलेल्या अगदी पहिल्या पिढीच्या यंत्रालाही रेषा काढता येत होती!

आणखी एक नवल सांगतो. होमी भाभा स्वतः चित्रे काढीत, आणि कुलाब्याच्या त्या संस्थेच्या भिंतींवर त्यांनी आपल्या काळच्या तरुण चित्रकारांची चित्रे लावली. हुसेन यांचे भले मोठे भित्तिचित्र तिथल्या प्रवेशदालनात आहे. कुलाबा ते जे. जे. हे अंतर बसने फार तर अर्ध्या तासाचे. चित्रकार त्या इमारतीच्या भिंतीपर्यंत पोचले. त्याच इमारतीतल्या यंत्राशी त्यांची गाठ घालून देईल असा अभ्यासक्रम मात्र शहरातल्या कुठल्याही शाळेत नव्हता.

खरे शिक्षण सुरू झाले ते कानपूरला. तिथल्या आय. आय. टी.ला अमेरिकेतल्या नऊ विद्यापीठांचे साहाय्य १९६२ ते १९७२ या काळात मिळाले, आणि १९६३ साली आय. बी. एम. १६२० हे यंत्र तिथे येऊन बसले. त्याच्याबरोबर बर्कलीचे हॅरी हस्की आले. हे गृहस्थ एनिॲक या आद्य यंत्रावर काम केलेले आणि इंग्लंडात ॲलन ट्युरिंगच्या यंत्रावर हात फिरवून आलेले. कानपूरचे मोठेपण यंत्रात नव्हते. यंत्रे इतरत्रही होती. ते होते एका निर्णयात. यंत्र काचेच्या खोलीत पूजेला न ठेवता विद्यार्थ्यांच्या हाती द्यायचे, असे तिथे ठरले. विशी न ओलांडलेली मुले कार्डांना भोके पाडून स्वतःची आज्ञावली स्वतः चालवू लागली. शिवाय देशभरच्या प्राध्यापकांना आणि शास्त्रज्ञांना बोलावून थोड्या दिवसांत फोरट्रान शिकवणारे वर्ग भरले, त्यांत प्रा. राजारामन यांच्यासारख्यांनी वर्षानुवर्षे शिकवले. आणि गंमत अशी, की या काळात तिथे ‘संगणकशास्त्र’ या नावाची पदवी नव्हतीच. ज्यांना ते शिकायचे ते विद्युत अभियांत्रिकीत नाव घालीत. नारायण मूर्ती यांनी १९६९ मध्ये कानपूरहून एम. टेक. केले ते असेच. संगणकशास्त्राची बी. टेक. सुरू व्हायला १९७८ साल उजाडावे लागले. विषय आधी आला, पाटी पंधरा वर्षांनी लागली. कॉलेज निवडताना पाटीवरचे नाव वाचणाऱ्यांनी हे साल लक्षात ठेवण्याजोगे आहे.

रेषेच्या बाजूलाही याच सुमारास हालचाल होत होती. चार्ल्स आणि रे ईम्स या अमेरिकन दांपत्याने भारत सरकारच्या निमंत्रणावरून देशभर हिंडून १९५८ साली एक छोटासा अहवाल दिला. त्यात त्यांनी सर्वांत जास्त कौतुक केले ते आपल्या लोट्याचे. हाताला कसा बसतो, डोक्यावर कसा राहतो, ओतताना पाणी कसे पडते, घासायला किती सोपा, अशा प्रश्नांची त्यांनी रांगच लावली. आपल्या आजीला हे सारे ठाऊक होते. पण सरकारी अहवालात आल्यावर त्याची संस्था झाली. १९६१ साली अहमदाबादेत राष्ट्रीय डिझाइन संस्था निघाली. गौतम आणि गिरा साराभाई यांनी तिला आकार दिला. शिक्षण उत्तम, पण तिथेही हातात पडे ती पदविकाच. पदवी देण्याचा अधिकार तिला मिळाला २०१४ च्या कायद्याने, म्हणजे अर्धशतक उलटल्यावर. इतक्या पिढ्यांतील मुलांनी आपल्या वडिलांशी कसा वाद घातला असेल, याची कल्पना वाचकांनीच करावी.

दोन्ही घरांमधली भिंत पहिल्यांदा फुटली ती आपल्या पवईत. तिथल्या आय. आय. टी.त १९६९ साली औद्योगिक अभिकल्प केंद्र निघाले. ते उभारणाऱ्यांत सुधाकर नाडकर्णी होते, शिक्षण जे. जे.चे आणि नंतर जर्मनीतल्या उल्मच्या शाळेचे. ती उल्मची शाळा १९६८ मध्ये बंद पडली, आणि पुढच्याच वर्षी तिचा एक विद्यार्थी पवईच्या तळ्याकाठी हे रोपटे लावीत होता. १९८३ मध्ये तिथे शिकवायला आले र. कृ. जोशी. तेही जे. जे.चेच, जाहिरातीच्या धंद्यात नाव कमावलेले, अक्षरांचे वेड लागलेले.

इथे जरा थांबले पाहिजे, कारण दोन शाळांच्या फारकतीची किंमत मराठी माणसाला जिथे प्रत्यक्ष मोजावी लागली ती जागा ही आहे. संगणकाला रोमन लिपी सोपी. अक्षरे ओळीने एकामागून एक उभी. देवनागरीत वेलांटी आधी दिसते आणि नंतर उच्चारली जाते, जोडाक्षरात एक अक्षर दुसऱ्याच्या अंगाखांद्यावर बसते, आणि रफार तर थेट डोक्यावर चढतो. त्यातही मराठीची एक खासगी अडचण. ‘आचार्यांना जेवायला बोलावले’ आणि ‘आचाऱ्यांना जेवायला बोलावले’ या दोन वाक्यांत मानपान सगळा उलटापालटा होतो, आणि फरक केवढा, तर र कसा लिहायचा एवढाच. हिंदीला हा अर्धचंद्री र लागत नाही. तेव्हा ज्याला यंत्र कळते पण मराठी अक्षर हाताने कधी गिरवलेले नाही, तो हा र विसरणार. आणि ज्याच्या बोटांत बोरू मुरला आहे पण संकेतावली कशाशी खातात हे ठाऊक नाही, तो तक्रार करण्यापलीकडे काही करू शकणार नाही. यंत्रावर ‘दऱ्या’ नीट उमटण्यासाठी दोन्ही विद्या एका खोलीत यायला हव्या होत्या.

त्या हळूहळू आल्या. कानपूरला १९८० नंतर देवनागरीसाठी जे तंत्र तयार झाले ते पुढे पुण्याच्या सी-डॅकमध्ये आले. ही संस्था १९८८ ची. १९९१ साली भारतीय लिप्यांची प्रमाण संकेतावली ठरली. तिच्या १९८८ च्या मसुद्यावरूनच युनिकोडने देवनागरीची मांडणी उचलली, आणि आपल्या त्या अर्धचंद्री र साठी ‘ऱ’ हे वेगळे अक्षर हलन्त करून वापरण्याची सोय तिथे आहे. जोशींनी विंडोज २००० बरोबर आलेला ‘मंगल’ हा टंक रेखला. कोट्यवधी लोकांनी संगणकावर वाचलेले पहिले देवनागरी अक्षर हे अशा माणसाने काढलेले आहे, ज्याचे शिक्षण कलाशाळेत झाले आणि ज्याचे पुढचे काम तंत्रशाळेत. कुठल्याही एका प्रवेशपरीक्षेच्या गुणपत्रिकेत हा माणूस बसला नसता.

महाराष्ट्रात यादरम्यान दुसरेच काही घडत होते. १९८३ साली वसंतदादा पाटील यांच्या सरकारने विनाअनुदान तत्त्वावर अभियांत्रिकी महाविद्यालयांना परवानगी दिली. लहान गावातल्या, पुण्या-मुंबईला न पोचू शकणाऱ्या मुलांना त्यामुळे दार उघडले, हे मान्य केलेच पाहिजे. जे सरसकट नाके मुरडतात त्यांनी आधी १९८२ मध्ये सांगलीच्या किंवा नांदेडच्या मुलापुढे किती जागा होत्या याचा विचार करावा. पण त्याबरोबर देणग्यांचा सुळसुळाट झाला, प्रकरणे सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेली, आणि १९९२ व १९९३ च्या निकालांनी त्याला काहीसा लगाम बसला. या महाविद्यालयांत संगणकाच्या शाखेला सर्वांत मोठी रांग लागली. रेषेची शाखा कुणी काढली नाही, कारण तिला रांग नव्हती. आणि रांग नव्हती, कारण शाखा नव्हती.

गुवाहाटीच्या आय. आय. टी.ने डिझाइनची चार वर्षांची पदवी १९९८ मध्ये सुरू केली. तिथला विभाग उभारण्यातही नाडकर्णींचा हात होता. पवईला ती २०१५ साली आली. त्याच वर्षापासून तिच्यासाठी वेगळी प्रवेशपरीक्षा घेतली जाते, आणि तिला विज्ञान, वाणिज्य, कला अशा कुठल्याही शाखेतून बारावी झालेला विद्यार्थी बसू शकतो. तंत्रशाखेच्या पदवीला मात्र अजून पदार्थविज्ञान, रसायन आणि गणित हीच वाट. म्हणजे एकाच आवाराला दोन फाटके आहेत, आणि कोणत्या फाटकाने आत शिरायचे याचा निम्मा निकाल अकरावीच्या अर्जावरच लागून जातो. आत गेल्यावर एका वर्गातून दुसऱ्या वर्गात डोकावता येते की नाही, डिझाइनच्या मुलाला आज्ञावली लिहायला लावतात की नाही, संगणकाच्या मुलीच्या हाती पेन्सिल देतात की नाही, हे माहितीपत्रकात सापडत नाही. ते तिथल्या शेवटच्या वर्षाच्या मुलांना गाठून विचारावे लागते, आणि त्यांनी केलेले काम मागून पाहावे लागते. कानपूरला १९६३ मध्ये कुणी चौकशीला गेला असता तर त्यालाही हेच करावे लागले असते. पाटी वाचून तो परत फिरला असता.

या नव्या परीक्षेचे दोन भाग आहेत. पहिला संगणकासमोर बसून सोडवायचा. मग दुसऱ्यासाठी कागद पुढे येतो, आणि त्यावर हाताने चित्र काढायचे असते.